केसांतले तीन महिने

संशोधन केंद्रासमोर रिक्षातून उतरून अमूल्या काठी सावरत होती, तेवढ्यात तिच्या डोक्यावर कुणीतरी छत्री धरली. नोव्हेंबरची नुसती भुरभुर होती. पण तिची काठी दिसली की लोक असे धावतच यायचे.

"खुळाच आहे. आपण भिजतोय आणि छत्री मला," ती घरच्या मराठीत पुटपुटली. म्हैसुरात कुणाला कळणार होतं?

"खुळ्याला मराठी कळतं," तो म्हणाला. "मी सांगलीचा."

अमूल्याने जीभ चावली... आणि आत गेल्यावर कळलं, तिचे केस कापणारा संशोधकही हाच. त्र्यंबक त्याचं नाव.

अमूल्याची हाडं जन्मापासून ठिसूळ होती. अशा दुर्मीळ जनुकीय आजारांच्या माणसांत ताण किती साचून राहतो, ते इथे मोजत होते. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, ताणाचं संप्रेरक त्यात उतरत जातं; टाळूजवळच्या तीन सेंटिमीटरांत गेले तीन महिने सापडतात, असं त्याने समजावलं.

"म्हणजे माझी सगळी गुपितं?"

"ताण किती, तेवढंच कळतं. कशामुळे... ते नाही."

"मग सुम्ने कापा."

सुम्ने म्हणजे काय, त्याने विचारलं. "म्हणजे बडबड न करता की," ती म्हणाली. तो हसला आणि मानेवरची बट उचलून त्याने कात्री लावली.

पुढचा नमुना तीन महिन्यांनी द्यायचा होता. मधे झोप, दुखणं, काळजी विचारायला त्याचे फोन येत. प्रश्न पटकन संपत; गप्पा संपत नसत. ती त्याला कानडी शिकवी, तो तिच्या मराठीतली कानडी शोधून चिडवी. डिसेंबरात तिचं बोट मोडलं तेव्हा तो हळहळला नाही. कुठलं बोट, तिचं ब्लाउजवर नक्षी काढायचं काम थांबलंय का, एवढंच त्याने विचारलं. फोन ठेवल्यावर अमूल्या कितीतरी वेळ स्वतःशीच हसत बसली.

फेब्रुवारीत ती पिवळी साडी नेसून गेली. पण कात्री घेऊन समोर आली ती सुमा, त्र्यंबकची सहकारी. अमूल्याचं काम आपल्याकडे नको, असं त्यानेच सांगितल्याचं सुमाकडून कळलं.

गेल्या वर्षी पिरियापट्टणचं स्थळ आजाराचं नाव ऐकताच असंच मागे फिरलं होतं. सुमाने बट कापताच अमूल्या उठून बाहेर पडली.

त्र्यंबक कडुलिंबाखाली उभा होता.

"भिऊन पळालात?" तिने विचारलं.

"हो. म्हणजे... तुम्हाला भिऊन नाही." तो अडखळला. "ज्या माणसाशी फोनवर बोलायची मी वाट बघतो, त्याचे नमुने मी कसे तपासू? म्हणून सरांना सांगून बाजूला झालो. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

अमूल्याने सगळं स्पष्टच सांगितलं. हाडं पुढेही मोडतील. मूल झालं तर त्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी.

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुम्हाला मी आवडतो का, ते तेवढं माहीत नाही."

ती हसली. डोळ्यांत आलेलं पाणी तिने पदराने टिपलं.

"ह्या तीन महिन्यांचा ताण जास्त निघाला ना, तर सुमाला सांगू नको की..."

"काय?"

"की तो तुझ्यामुळे आहे," अमूल्या म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते तिचं तिलाही कळलं नाही. "आता चल. अप्पा घरी आहेत. त्यांना तू मराठीतच सांग... कानडीत सांगायला गेलास तर भलतंच काही बोलशील."