डुलकी चालेल, गाढ झोप नाही

बायको म्हणते, माझ्या बोलण्यातलं निम्मंच खरं असतं. कबूल. पण ही गोष्ट त्या खऱ्या निम्म्यातली आहे. तेव्हा पाय वर घेऊन बसा, दिवा जरा इकडे सरकवा, आणि मध्येच 'काहीतरीच काय' म्हणू नका. तसं म्हणणारे आधी खूप झाले, त्यातला एक तर या गोष्टीतच आहे.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्या दिवशी सकाळी मी एका प्रिंटरच्या पोटात हात घालून अडकलेला कागद ओढत होतो, तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"कामात आहेस का रे?"

"आहे."

"मग असं कर, जेवायलाच ये. आणि तुझे ते पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन ये."

मला वाटलं, नेहमीचंच काहीतरी असणार. पण फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "दुपारी हा येतोय मला न्यायला. कायमचं."

'हा' म्हणजे तिचा मुलगा, माझा मावसभाऊ. आम्ही त्याला मॅनेजर म्हणतो. तो कुठल्याही कंपनीत मॅनेजर नाही, पण लग्न असो की मयत, कोणी कुठे बसायचं आणि कोणी केव्हा उठायचं हे तोच ठरवतो. आता त्याने आईचं ठरवलं होतं. घर बंद करायचं, आईला आपल्या फ्लॅटवर न्यायचं. कारण आई एकटी राहून भ्रमिष्ट होत चालली आहे, असं त्याचं म्हणणं.

आमची मावशी म्हणजे साधी बाई नव्हे. एका साप्ताहिकात ती रहस्यकथा लिहिते, क्रमशः. आजवर तिने इतकी माणसं मारली आहेत की तिच्या हातचा चहा घेताना मी आधी वास घेतो. काका होते तेव्हा तिच्या टेबलाशेजारी त्यांची आरामखुर्ची असायची. दुपारी ही टाइप करणार, ते घोरणार. गेल्या वर्षी असेच जेवले, कपाळाला बाम चोळला आणि खुर्चीत आडवे झाले. चहाच्या वेळी हिने हाक मारली, तर ओ दिली नाही. झोपेतच गेले.

त्यानंतर मॅनेजरने आईचं मन रमावं म्हणून तिच्या कॉम्प्युटरला नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर बसवून दिला. बाहेरचा डबा जुना, आतला मेंदू नवा. आणि तिथूनच भानगड सुरू झाली.

मी पोचलो तेव्हा गल्लीत शुकशुकाट होता. ऊन असं पडलं होतं की कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीत पातळ होऊन पडली होती. मावशीच्या खोलीत मात्र पडदे ओढलेले, अंधार, आणि त्या अंधारात कॉम्प्युटरच्या पडद्यापुढे बसलेली मावशी. शेजारी रिकामी आरामखुर्ची. जेवणं उरकल्यावर मी विचारलं, "नेमकं होतं काय?"

"मी लिहीत असले की गुणी बाळासारखा चालतो," मावशी म्हणाली. "विचार करायला जरा थांबले की थिजतो. उंदीर हलत नाही, अक्षर उमटत नाही, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा जागच्या जागी थांबतं. मग बटण दाबून मारायचा आणि पुन्हा उठवायचा. शेवटचं प्रकरण तीनदा गेलंय माझं. खुनी प्रत्येक वेळी वेगळा निघतो."

"तू मध्ये मध्ये सेव्ह करत नाहीस?"

"खून करताना कोणी सेव्ह करतं का?"

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"तुझे काका असेच होते," ती पुढे म्हणाली. "आपलं लक्ष दुसरीकडे गेलं की झाले ताठ. आणि हा घोरतोही."

"कोण?"

"कॉम्प्युटर." भाजी महागली म्हणावं तशा सुरात ती म्हणाली. "दुपारी घोरतो. कुशीवर वळवला की थांबतो."

मी हसलो. म्हटलं, पंख्यात धूळ असेल. डबा उघडला. धूळ होतीच, पण धुळीबरोबर आणखी एक वास आला, उबदार आणि झोंबरा. बामाचा. म्हटलं, वर्षभर खोलीत मुरलेला असणार, जातो कुठे.

"याआधी कोणी पाहिलाय का?"

"माझ्या लेकाने एक इंजिनियर आणला होता. टाय लावून. त्याने दिवसभर यंत्राला नुसतं राबवलं. गणितं घातली, चित्रं फिरवली, घाम काढला त्याचा. एकदासुद्धा थिजला नाही. मग तो म्हणाला, यंत्र एकदम उत्तम. हा म्हणाला, यंत्र उत्तम आहे, म्हणजे आई उत्तम नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, पण पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. सत्तरी ओलांडलेली बाई. याच खोलीत तिने आयुष्यभर लिहिलं, इथेच काकांना निरोप दिला. आणि आज टेम्पोत बसून जायचं, ते एका यंत्रापायी.

"मावशी, गाणं लावून ठेवलंस तर थिजतो?"

"छे. गाणं चालू असलं की दिवसभर ठणठणीत. पण गाण्यात मला खुनी सुचत नाही रे. मला शांतता लागते."

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. आता दोन मिनिटं धंद्याचं बोलतो, सहन करा. आजकालचे प्रोसेसर झोपाळू असतात. काम नसलं की वीज वाचवायला डुलकी घेतात. आणखी काम नसलं की आणखी खोल जातात, अगदी गाढ, इतके की वीज जवळजवळ घेतच नाहीत. नव्या यंत्रात हे खपून जातं. पण मावशीच्या कॉम्प्युटरमध्ये वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, जुनाच राहिला होता. जुन्या डब्याला इतकी बारीक धार सोडता येत नाही. नळ फार बारीक केला की धार तुटते ना, तसं. प्रोसेसर गाढ झोपला, धार तुटली, की मग उठवणार कोण? टायवाल्याने त्याला दिवसभर राबवलं, झोपूच दिलं नाही. मग रोग दिसणार कसा? काम पडलं की थकणारी यंत्रं त्याला ठाऊक. हे तर आराम मिळाला की मरत होतं.

मावशीला एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "झोपतो आणि मग उठता येत नाही त्याला."

मावशीचं बोट पदरात तसंच थांबलं.

"हाक मारली तरी?" तिने विचारलं.

"हाक मारली तरी."

मी घाईघाईने कामाला लागलो. यंत्र सुरू होताना, विंडोज जागं व्हायच्या आधी, आतलं सेटिंग उघडता येतं. तिथे गाढ झोप बंद केली आणि वरवरची झोप चालू ठेवली. "झालं. डुलकी चालेल, गाढ झोप नाही. आता हाक मारलीस की उठेल."

मावशीने पडद्याकडे बघितलं. मग रिकाम्या खुर्चीकडे. म्हणाली, "तुझ्या काकांना असलं सेटिंग नव्हतं बघ."

तेवढ्यात दारात मॅनेजर उभा. मागे गल्लीच्या तोंडाशी टेम्पो.

"अजून बॅग भरली नाहीस, आई?" मग मला बघून, "हा इथे कशाला?"

"जेवायला," मी म्हटलं. "आणि तुझं यंत्र बरं करायला. हे बघ, आपण असं करू. चहापर्यंत तिघं इथे बसू. कोणी हात लावायचा नाही, गाणं नाही, काही नाही. थिजला तर तू आईला घेऊन जा, मी बॅगा उचलतो. नाही थिजला, तर टेम्पो रिकामा परत."

"काहीतरीच काय," मॅनेजर म्हणाला. पण बसला. पैज म्हटली की त्याला उठवत नाही.

आरामखुर्चीत कोणी बसलं नाही. तिघं तीन स्टुलांवर, समोर पडदा, पडद्यावर मावशीचं अर्धवट वाक्य: 'दार आतून बंद होतं आणि…' त्या 'आणि'पुढे रेघ लुकलुकत होती. तेवढाच उजेड. बाहेर ऊन, आत पडदे, आणि यंत्राची एकसुरी गुणगुण.

हळूहळू गुणगुण बारीक होत गेली. डुलकी, मी मनात म्हटलं. बारीक… आणखी बारीक… मग काहीच ऐकू येईना. मॅनेजरच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येऊ लागली. पडद्यावरची रेघ मात्र लुकलुकत होती. दिसते, नाही. दिसते, नाही.

आणि मग टेबलाखालून आवाज आला.

खर्रर्र… थांबला. फुस्स… थांबला. खर्रर्र…

मॅनेजरने मान वळवली. त्याने आयुष्यभर हा आवाज भिंतीपलीकडून ऐकला होता. त्याच्या चेहऱ्यावरून मॅनेजर उतरला आणि शाळेतला पोरगा वर आला.

"हे… काय आहे?" त्याने कुजबुजून विचारलं.

"पंखा," मी म्हटलं. "पॉवर सप्लायचा."

म्हटलं आणि खाली वाकून टॉर्च मारला. जाळीतून पंखा स्पष्ट दिसत होता. पंखा थांबलेला होता. पाती स्तब्ध, पातीवर धूळ, धुळीचा कणही हलत नव्हता. आणि माझ्या कानापासून वीतभर अंतरावर… खर्रर्र… आणि बामाचा उबदार झोत, थेट तोंडावर.

"पंखाच ना?" वरून मॅनेजरचा आवाज.

आता मी खरं बोललो असतो तर मावशी टेम्पोत. मी वर आलो. "पंखाच. म्हातारा झालाय, घोरतो."

मावशी माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. ती शांतपणे खाली वाकली, कॅबिनेट अलगद कुशीवर वळवलं. आवाज थांबला. मॅनेजरने एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले.

चहाची वेळ झाली. मावशीने एक कळ दाबली आणि 'आणि'च्या पुढे पटकन अक्षर उमटलं. घड्याळ बरोबर. यंत्र जागं. टेम्पोवाला चहा पिऊन रिकामा गेला.

पण मॅनेजर शेवटी मॅनेजर. जाता जाता म्हणाला, "तो घोरणारा डबा आजच्या आज बदल. नवीन घाल, आणि जुना इथे ठेवू नकोस." त्याच्यासमोर नवा पॉवर सप्लाय आणून बसवला. जुना पिशवीत घातला. मावशी पिशवीकडे बघत राहिली. दुकानात येऊन मी तो फळीवर टाकला, स्क्रूंची बरणी आणि सुट्ट्या माउसचा ढिगारा यांच्यामध्ये, आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शटर अर्धं ओढून मी जेवणाच्या डब्यातला शेवटचा घास खात होतो. दुकानात बाम कोणी लावत नाही. तरी वास आला. आणि मग फळीवरून…

खर्रर्र…

हातातला घास खाली ठेवला. त्या पॉवर सप्लायला वीज नव्हती. त्याच्या सगळ्या वायरी मी स्वतः सोडवल्या होत्या, बांधून वरती ठेवल्या होत्या. मी उठलो, दोन बोटांनी डबा कुशीवर केला. आवाज थांबला. तेवढ्यात फोन वाजला आणि मी जवळजवळ फळीसकट खाली आलो.

"अरे," मावशी म्हणाली. "यंत्र छान चालतंय. पण खुनी काही सापडत नाही. घर फार शांत झालंय." आणि मग हळूच, "कुठे ठेवलंयस त्यांना?"

"…फळीवर."

"पाठीवर की कुशीवर?"

"आत्ताच कुशीवर केलं."

"बरं केलंस. उद्या सकाळी आण इकडे. आज चहा आला की एक हाक मार फक्त. माझ्या त्या दिवशीच्या हाकेची ओ राहून गेलीय."

चहावाला ग्लास ठेवून गेला. मी शटर आणखी थोडं खाली ओढलं, कोणी बघू नये म्हणून. माणसाने किती मूर्ख दिसावं यालाही काही मर्यादा असते. फळीपुढे उभा राहिलो, घसा खाकरला, आणि हळूच म्हणालो, "काका… चहा."

पंखा एकदा फिरला. एकच फेरा, सावकाश, कूस बदलावी तसा. त्याच्या पातीवरची धूळ माझ्या चहात पडली. आणि त्याच्या वायरीचं सुटं टोक, सांगतो तुम्हाला, माझ्या हातात होतं.