झिजेची साक्ष

गल्लीच्या टोकाच्या इमारतीत, जिन्याच्या पहिल्या वळणावर बाईंची खोली होती. एक टेबल, एक खिडकी, दोन खुर्च्या आणि मान वाकवता येईल असा एक दिवा, एवढाच तिचा संसार. घड्याळे दुरुस्त करण्याचे काम बाईंनी हात थरथरू लागले तेव्हाच सोडले होते. डोळा मात्र शाबूत होता. लोक जुनी मनगटी घड्याळे घेऊन येत, आणि बाई ती उघडून, भिंगाखाली पाहून सांगत, की हे अस्सल आहे की जोडघड्याळ आहे.

आता जोडघड्याळ म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. नकली घड्याळ निराळे. ते शाळकरी पोरही ओळखील. जोडघड्याळात एकूण एक भाग खराखुरा असतो, त्याच कारखान्याचा, त्याच काळातला. फक्त ते भाग एकमेकांचे नसतात. मोडीत निघालेल्या चार घड्याळांतून वेचून कोणीतरी पाचवे उभे केलेले असते. त्याचे नाव खरे, वय खरे, चालणेही खरे. खोटे एवढेच, की ते एक घड्याळ आहे.

ते ओळखायचे झिजेवरून. नवरा-बायको तीस वर्षे नांदली की त्यांची भांडणेसुद्धा एकमेकांना चपखल बसतात, असे बाई म्हणत, भागांचेही तसेच. चाकाचा दाता जिथे झिजतो, तिथेच शेजारच्या चाकावर त्याचे उत्तर सापडते. झाकणावरचा ओरखडा कडेवर उतरतो तो त्याच रेघेत. परका भाग कितीही देखणा असो, त्याची झीज कोणाला उत्तर देत नाही.

तपासणी झाली की बाई चिठ्ठी लिहून देत. कोणता भाग परका आणि कशावरून, ते क्रमवार, सुवाच्य अक्षरात. या चिठ्ठीचा त्यांना अभिमान होता. नुसते खोटे म्हणून मोकळे होणे त्यांना चहाडीसारखे वाटे. खोटे म्हणायचे तर जागा दाखवून द्यावी, असा त्यांचा बाणा.

त्या दिवशी दुपारीही एका निवृत्त मास्तरांना त्यांनी अशीच चिठ्ठी दिली होती. "मास्तर, तबकडी आजोबांची, काटे नातवाचे आणि यंत्र शेजाऱ्यांचं. पण संसार सुखाचा चाललाय, मोडू नका." मास्तर हसत जिना उतरून गेले. बाई मात्र हसल्या नाहीत. सकाळपासून त्यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते.

सकाळी त्यांची धाकटी बहीण येऊन गेली होती. धाकटीचा नवरा ज्या खाणीत कामाला होता, ती खाण एकोणीस वर्षांपूर्वी खचली. अकरा माणसे आत राहिली. सहांना बाहेर काढले; पाच जण मिळालेच नाहीत, आणि त्या पाचांत तो होता. तेव्हापासून धाकटी ना धड नवरा असलेली, ना धड नसलेली, अशी एकटी राहत आली. आणि गेल्या आठवड्यात एक माणूस तिच्या दारात येऊन उभा राहिला होता.

चेहरा तोच, आवाज तोच, असे धाकटी सांगत होती. लग्नाआधीच्या, दोघांखेरीज कोणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी तो बोलतो. तिने त्याला अजून घरात घेतले नव्हते. तो जवळच एका भाड्याच्या खोलीत उतरला होता.

"मग अडलं कुठं?" बाईंनी विचारले.

धाकटी पदराच्या टोकाशी चाळा करीत राहिली. "जवळ बसले ना, ताई, की… खोलीत गर्दी झाल्यासारखी वाटते."

खाणीच्या कंपनीने दहा वर्षे नोकरी झालेल्यांना एकाच बनावटीची घड्याळे दिली होती. त्यांतलेच एक त्याच्या मनगटावर होते. ते ताईने उघडून पाहावे, एवढेच धाकटीचे मागणे. ते एकसंध निघाले तर ती दार उघडणार होती. न निघाले तर नाही. माणसाचा निवाडा घड्याळावर टाकणे बाईंना पसंत पडले नव्हते. पण एकोणीस वर्षे वाट पाहणाऱ्या बहिणीला आपल्या तोंडाने नाही म्हणवत नाही, हेही त्यांना कळत होते. त्यांनी होकार दिला.

चार वाजता जिन्यावर पावले वाजली. बाईंनी मान वर केली. एक पाऊल जड, दुसरे हलके आणि भरभर. दोन माणसे बरोबर चढत असावीत असे वाटले. दारात आला तो एकटाच.

"ओळखलंत का, ताई?"

आवाज धाकटीच्या नवऱ्याचाच होता. चेहराही. वय वाढलेले, पण वाढायला हवे तेवढेच. बाईंनी त्याला खुर्ची दाखवली, दिव्याची मान वाकवली आणि हात पुढे केला. त्याने घड्याळ काढून दिले. घड्याळ थंड होते. आता आता मनगटावरून उतरलेले घड्याळ इतके थंड नसते.

झाकण उघडताच ओल्या मातीचा वास आला, वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या विहिरीचा येतो तसा. बाईंनी डोळ्याला भिंग लावले, चिमटा घेतला आणि पांढऱ्या कागदावर एकेक भाग उतरवायला सुरुवात केली. खिडकीबाहेर आभाळ भरून आले होते. खोलीत दिव्याच्या वर्तुळापलीकडे काही नीट दिसत नव्हते. समोरच्या श्वासाचा आवाज मात्र ऐकू येत होता. तो आवाज त्या मोजू पाहत होत्या, आणि मोजणी दर वेळी चुकत होती. एक श्वास संपण्याआधीच दुसरा सुरू होई.

सगळे भाग खरे होते. एकही दुसऱ्या कारखान्याचा नव्हता. पण मोठे चाक भरपूर चाललेले आणि त्याच्या शेजारचे जवळपास नवे. तबकडी उन्हाने पिवळी पडलेली, काटे मात्र कधी उजेडात आलेच नसावेत असे काळेभोर. झाकणावरचा खोल ओरखडा कडेपाशी येऊन थांबला होता. कडेवर तो उतरलाच नव्हता. ज्याची झीज ज्याच्याशी जुळेल ते त्याच्या शेजारी, असे बाई सवयीने भाग मांडत गेल्या. कागदावर पाच ढीग झाले.

"पाच," तो हळूच म्हणाला. "बरोबर आहे."

बाईंनी भिंग काढले. "घड्याळ जोडलेलं आहे. पाच घड्याळांचं आहे."

"कशावरून, ताई?"

बाईंनी सांगितले. चाक, तबकडी, काटे, झाकण, एकेक जागा बोट ठेवून. तो पुढे वाकून, लक्ष देऊन ऐकत होता. घड्याळ खोटे ठरल्यावर गिऱ्हाइके चिडतात, हुज्जत घालतात, क्वचित रडतात. हा शिकत होता.

"अजून काही…?"

त्याचा डावा हात दिव्याखाली टेबलावर पालथा पडला होता. बाईंची नजर त्यावर गेली आणि तिथेच राहिली. बहिणीच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, बाईंच्याच स्वयंपाकघरात, उकळत्या भांड्याची कड त्याच्या चारही बोटांवर आडवी टेकली होती. मलम बाईंनीच लावले होते. ती पांढुरकी रेघ आजही तिथे होती. पहिल्या बोटावर होती. मग तिसऱ्यावर आणि करंगळीवर. मधल्या बोटावर नव्हती.

झाकणावरचा ओरखडा कडेवर उतरला नव्हता, तसेच.

बाई तेव्हा गप्प राहत्या, घड्याळ जोडून परत देत्या आणि दाराला कडी घालत्या, तर पुढचे सारे कदाचित टळते. पण तोतयाला त्याची खोट तोंडावर दाखवली की तो पळ काढतो, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता. आणि खोट दिसली की ती सांगितल्यावाचून त्यांच्याने राहवत नसे.

"मधलं बोट," बाई म्हणाल्या. "रेघ त्याच्यावरूनही जायला हवी होती."

तो ओशाळला नाही. त्याने हात उचलला, बोट दिव्याजवळ नेले आणि कारागीर हातातला भाग फिरवून पाहतो तसे ते फिरवून पाहिले.

"आणि?"

"उजवा डोळा… डाव्यापेक्षा म्हातारा आहे."

"हं. आणि?"

"वरचे दात खालच्या दातांवर झिजलेले नाहीत." "चालणं एकाचं नाही."

"चिठ्ठीत लिहून द्या, ताई," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "लक्षात राहत नाही. एकेकाच्या एकेक लक्षात राहतं."

आणि बाईंनी लिहून दिले. एरवी थरथरणारा त्यांचा हात त्या दिवशी जराही हलला नाही. त्याने ते पाचही ढीग कागदासकट गुंडाळून घेतले, घडी घालून चिठ्ठी खिशात ठेवली, खोलीभर एकवार नजर फिरवली आणि तो जिना उतरला. जड पाऊल. हलके पाऊल. जड.

संध्याकाळी बाई स्वतः बहिणीकडे गेल्या आणि स्वच्छ नाही म्हणाल्या. बोटाचेही सांगितले. धाकटी आधी रडली, मग चिडली. "तुला घड्याळातलं कळतं, ताई. संसारातलं तुला काय कळणार?" शेवटी धाकटीने शब्द पाळला. तो आला तेव्हा तिने दार उघडले नाही. तंटा न करता निघून गेला म्हणे. जाताना एवढेच म्हणाला, की थोडे दिवस लागतील.

नवव्या दिवशी धाकटी धापा टाकीत बाईंच्या खोलीत आली आणि तिने ते घड्याळ टेबलावर ठेवले. तो सकाळी परत आला होता. दाराबाहेरूनच त्याने घड्याळ तिच्या हातात दिले, आणि ताईंना पुन्हा एकदा दाखव, असे सांगितले.

बाईंनी ते उघडले. वास नव्हता. त्यांनी पहिले चाक पाहिले, दुसरे पाहिले, पुन्हा पहिले पाहिले. दात्याला दाता उत्तर देत होता. तबकडी आणि काटे एकाच उन्हात पिकले होते. झाकणावरचा तो खोल ओरखडा कडेवर उतरला होता, सरळ, त्याच रेघेत, आणि आतली झीज जुनी, गुळगुळीत, तीस वर्षांची होती. तीस वर्षे नऊ दिवसांत झिजवता येत नाहीत. बाईंनी तीन वेळा तपासले. बोट ठेवायला जागा उरली नव्हती.

"सांग ना, ताई. एक आहे का?"

बाईंनी जन्मात खोटा निकाल दिला नव्हता. "घड्याळ एक आहे," त्या म्हणाल्या. "पण—"

पुढचे ऐकायला धाकटी थांबली नाही. घड्याळ मुठीत घट्ट धरून ती उठली होती. दारातून ती वळली तेव्हा तिचा चेहरा एकोणीस वर्षांनी तरुण दिसत होता. "आणि बोटाचं तू म्हणालीस ना? ते तुझं चुकलं गं. मी नीट पाहिलं. रेघ चारही बोटांवर आहे." जिन्यावर तिची पावले टपटप उतरत गेली. बाई दारापर्यंत येईतो ती खाली पोचली होती.

त्यानंतर दीड महिना धाकटी आली नाही. बाईंनी दोनदा तिचे दार वाजवले. दोन्ही वेळा आतून तिचा हसण्याचा आवाज आला, आणि उत्तर आले, की आत्ता नको, नंतर ये. दार काही उघडले नाही.

मग एका दुपारी ती आपणहून आली. अंगाने भरली होती, साडी नवी होती. चहा घेता घेता ती सुखाने बोलत राहिली. ते घरातली कामे करतात, शब्द खाली पडू देत नाहीत. फार निगुतीचा माणूस. बाई ऐकत होत्या, आणि इतक्या दिवसांची गाठ छातीत हळूहळू सैल होत होती. आपलेच चुकले असेल, असे त्यांना प्रथमच वाटले. वाटू लागले, तेवढ्यात धाकटीने कपाळावरचे केस मागे सारले आणि दिव्याचा उजेड तिच्या दोन्ही कानांवर पडला.

चाळीस वर्षे जड कर्णफुले वागवून धाकटीच्या कानाची पाळी लोंबली होती, भोकाची फट झाली होती. उजव्या कानाची. डाव्या कानाची पाळी आखूड, घट्ट आणि गोबरी होती, आणि तिच्यातले भोक काल टोचल्यासारखे, सुईच्या टोकाएवढे होते.

बाईंनी कप खाली ठेवला आणि नजर खिडकीकडे वळवली.

"काय पाहत होतीस, ताई?"

"काही नाही."

"नाही कसं? सांग की." धाकटीचा आवाज मऊ होता, लाडाचा. "तू जागा दाखवलीस की हे नीट करून देतात…"

बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. धाकटीने हात वर नेला आणि कान चाचपला. डावा नव्हे. उजवा. ती जुनी, लोंबलेली, बाईंच्या ओळखीची पाळी तिने दोन बोटांत धरली आणि किंचित लाजून हसली.

"हाच ना…?" ती म्हणाली. "एवढाच राहिलाय गं जुना."