लीप वर्षातलं भूर्जाचं झाड

बॉनच्या स्टेशनात गाडी पाचव्या फलाटावर यायची होती, आली तिसऱ्यावर. लिओबा धावत जिना उतरत होती, गाडीतून उतरलेला माल्टे तिला शोधत धावत तोच जिना चढत होता. मधल्या पायरीवर अशी टक्कर झाली, की त्याच्या हातातला खारवलेल्या माशांचा पुडा थेट तिच्या उघड्या पिशवीत!

"चार वर्षांनी भेटतेस आणि ढकलतेस?"

"चार वर्षांनी येतोस आणि मासे फेकतोस?"

दोघं हसले... आणि मग अडले. मिठी मारायची, की नुसता हात मिळवायचा? तिने हात पुढे केला तेव्हा त्याने मिठी मारली, तिने मिठी मारली तेव्हा तो हात शोधत होता. शेवटी तिने पिशवीच त्याच्या गळ्यात अडकवली.

म्युन्स्टरला दोघं एकत्र शिकले. मैत्री अशी, की एकाच्या पावाला दुसऱ्याचं लोणी. मग तो आपल्या समुद्राकाठी कीलला गेला, ती ऱ्हाइनकाठी आपल्या बॉनला आली. आणि आता अचानक त्याची चिठ्ठी — "शनिवार-रविवार मोकळा आहे. तुझं गाव दाखवशील?" एवढंच! लिओबाने ती दहा वेळा वाचली. मित्र म्हणून येतोय? की... त्या 'की'च्या पुढे तिला काही सुचेना. मनाचं असंच असतं बाई, दारात उभं करावं तर खिडकीतून पळतं.

दुपारी नदीवर झिमझिम होती. होडीच्या कठड्याशी दोघं बटाट्याची धिरडी खात उभे होते, सफरचंदाचा गर बोटांवर ओघळत होता. तो पाण्याकडे बघत म्हणाला,

"लिओबा, सोमवारी मला एक उत्तर द्यायचंय."

"कुणाला?"

"एका जहाजाला. उत्तरेच्या समुद्रात माशांचा अभ्यास. दोन वर्षांचं काम. वीस मेला निघायचं." तो थांबला. "जाऊ का?"

हे मला का विचारतोय? 'नको' म्हणावं तर कुठल्या नात्याने म्हणावं? आणि तोंडातून भलतंच निघालं,

"जा की! असं काम कुणी सोडतं का?"

"हं..." तो म्हणाला. हातातलं धिरडं त्याने पुन्हा तोंडाला लावलंच नाही.

काठावर उतरताच तो म्हणाला, "मला दोन तास जरा काम आहे. एकट्याला."

"तू इथे कुणालाही ओळखत नाहीस!"

"म्हणून तर दोन तास लागतील."

तो परतला तेव्हा बुटांना चिखल, केसांत एक हिरवं पान. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. जेवताना मिठाची वाटी मात्र दोघांनी एकमेकांकडे चार वेळा सरकवली.

रविवारी, मेच्या पहिल्या सकाळी, खालच्या मजल्यावरच्या नोल्डेनबाईंच्या हाकांनी तिला जाग आली.

"सेवेरीन! अरे ए सेवेरीन! ऊठ मेल्या, नशीब उघडलं तुझं!"

लिओबाने खिडकी उघडली आणि श्वास तिथेच राहिला. पावसाच्या पाईपला बांधलेलं उंच भूर्जाचं झाड! पांढरं खोड, कोवळी पालवी, लाल-पिवळ्या कागदी झिरमिळ्या, आणि वर एक लाल पुठ्ठ्याचं काळीज. मेच्या पहिल्या रात्री प्रेमाची खूण म्हणून असं झाड लावायची इथली रीत, पण आजवर तिच्या खिडकीशी कुणीच लावलं नव्हतं. पायांत पैंजण वाजल्यासारखं झालं तिला. पण काळजावर नाव नव्हतं... आणि शेंडा पोचला होता तिच्या खिडकीच्याही वर, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सेवेरीनच्या खिडकीपर्यंत.

ती खाली आली. मागोमाग कॉफीचा कप घेऊन माल्टे.

"कुणाचं म्हणायचं हे?" तिने विचारलं.

"कुणाचं म्हणजे? सेवेरीनचं!" नोल्डेनबाईंनी झाडू टेकवला. "अगं, लीप वर्ष आहे. यंदा मान पोरींचा. पोरीनेच लावलंय कुणीतरी पोरासाठी."

हो की. लिओबाचं मन पायरीवर मटकन बसलं.

सेवेरीन पायजम्यातच खाली आला, केस विंचरून मात्र. "बेकरीतली इर्मगार्ड असेल का? की गायनवर्गातली?... की दोघी मिळून?"

"लीप वर्षाचा काय संबंध?" माल्टेने विचारलं. त्याचे कान झिरमिळ्यांपेक्षा लाल झाले होते.

"इतर वर्षी मुलगे लावतात, लीप वर्षी मुली," लिओबा म्हणाली. "मुलाने लावलं तर वर्षभर हसतात त्याला."

"हे तू मला सांगितलं नव्हतंस!"

एवढा दुखावलेला सूर? तिने त्याच्याकडे पाहिलं. कपाला धरलेल्या बोटांवर ओरखडे होते, नखांत सालीची पांढरी भुकटी. मग तिने झाडाकडे पाहिलं. इथली माणसं तारेने बांधतात. हे दोराने बांधलं होतं, आणि गाठी होत्या शिडाच्या होडीवरच्या. अशा गाठी अख्ख्या गल्लीत कुणाला येत होत्या?

म्युन्स्टरच्या कुठल्याशा संध्याकाळी तिने सांगितलं होतं खरं, 'आमच्याकडे मुलगे आवडत्या मुलीच्या दारी झाड लावतात.' लीप वर्षाचं तेवढं राहून गेलं होतं.

"काळीज काढून घेतो मी," सेवेरीन पाईपला हात घालत म्हणाला. "नाव लिहून परत लावतो."

माल्टे नुसता कॉफीत बघत राहिला, जणू तळाशी उत्तर होतं.

"हात काढ, सेवेरीन!" लिओबा ओरडली. स्वतःच्याच आवाजाने दचकली. "झाड माझं आहे. मी लावलंय."

"तू?" नोल्डेनबाईंचा झाडू पडला. "कुणासाठी गं?"

तिने माल्टेकडे बोट दाखवलं. 

"पण ते तर मी—" माल्टे म्हणाला.

"गप्प बस ना! लोक हसतील तुला."

सेवेरीन हिरमुसला होऊन जिना चढून गेला. नोल्डेनबाईंनी पाहुण्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "बरा आहे. पण ऐक रे, जिने लावलं तिनेच एक जूनला झाड उतरवायचं, आणि ज्याच्यासाठी लावलं त्याने तेव्हा दारात उभं राहायचं. आईच्या हातचा केक घेऊन. असशील ना तू एक जूनला?"

वाऱ्याने झिरमिळ्या तेवढ्या सळसळल्या. बाई समजूतदार, झाडू उचलून आत गेल्या, दार मात्र किलकिलं ठेवून.

"काल तू 'जा' म्हणालीस," माल्टे हळूच म्हणाला.

"काल... तू विचारलंसच असं, की मला काही कळेचना."

"आणि आज कळतंय?"

"नाही रे. आजही सगळा गोंधळच आहे." तिने त्याच्या हातातला कप काढून पायरीवर ठेवला, आणि ते ओरखडलेले हात आपल्या हातांत घेतले. "तू कीलला, मी इथे, कसं जमेल, कुठे जमेल, काही म्हणजे काही कळत नाही. पण जाऊ नकोस... एवढं कळतंय."

त्याने एक हात सोडवून खिशातून फोन काढला.

"आईला फोन करतो," तो म्हणाला. "केक कुठला सांगू?"