गुरुवारची मोजणी

"सकाळी साडेसहाला कोण माणसं मोजतं? ही सुट्टी आहे की शिक्षा?" सुदर्शनने जांभई देत विचारलं.

"तू झोप. मी आणि अपेक्षा मोजतो," निकिता म्हणाली. तिचा सूर ऐकून त्याने गुपचूप वही उघडली.

तिघंही आठवीतले, हडपसरचे. सुट्टीत शाळेने 'आपल्या भागातले रस्ते आणि जागा' असा प्रकल्प दिला होता. बाकीच्यांनी इंटरनेटवरची चित्रं चिकटवून हात झटकले होते. निकिताला ते परवडणारं नव्हतं. तिची आई शकू मोठ्या रस्त्यापलीकडच्या कारखान्यात कंत्राटावर पॅकिंग करायची आणि दुभाजकातल्या मोकळ्या वाटेने कामावर जायची. दोन आठवड्यांपूर्वी ती वाट सिमेंटचे ठोकळे टाकून बंद केली. खांबावर कागद लावला, की पाहणीनुसार इथून तासाला फक्त नऊ जण रस्ता ओलांडतात. नऊ! कागद लिहिणाऱ्याने अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

पुढचा सिग्नल किलोमीटरभर लांब, आणि पाच मिनिटं उशीर झाला की गेटवरून परत पाठवायचे. म्हणून शकू ठोकळ्यांवरून चढून जायला लागली आणि तिसऱ्याच दिवशी पडली. गुडघ्याला प्लास्टर बसलं. महिन्यात आलात तर घेऊ, असं मुकादम म्हणाला होता. त्याच्या आत वाट उघडली नाही, तर दुखऱ्या पायाने आई जाणार कशी?

तासाभरात वहीत तीनशे सव्वीस रेघा झाल्या. सगळी माणसं ठोकळ्यांवर चढून, एकमेकांना हात देत जात होती.

वही घेऊन तिघं रस्ते विभागाच्या ऑफिसात गेले. रंगनाथ नावाचे इंजिनिअर भेटले. शाळेचा प्रकल्प म्हटल्यावर ते खूश झाले आणि पाहणीची फाइल स्वतःच पुढे सरकवली. सुदर्शनने तारखा वाचल्या: एक, आठ आणि पंधरा मे. अपेक्षाने मोबाइलवर वार पाहिले आणि तिला हसूच फुटलं. तिन्ही गुरुवार! गुरुवारी इथल्या कारखान्यांना सुट्टी असते, हे हडपसरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी अपेक्षाचे बाबा दहापर्यंत घोरत असतात. त्यात एक तारखेला तर महाराष्ट्र दिन.

निकिता मात्र साहेबांकडे वळली. प्रकल्पात मोजणीची पद्धत लिहायची आहे, पाहणीवाल्यांना जरा फोन लावाल का, असं तिने साळसूदपणे विचारलं. साहेबांनी कौतुकाने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडच्या गृहस्थांनी मनमोकळेपणाने सांगितलं, की गुरुवारी गर्दी नसते, गाडी सावलीत लावता येते आणि काम पटकन उरकतं.

रंगनाथ साहेबांचा चेहरा उतरला. त्या पाहणीखाली सही त्यांचीच होती.

"हे मी जसंच्या तसं लिहिणार आहे, सर," निकिता म्हणाली.

लगेच फेरमोजणीचा हुकूम निघाला. पण हुकूम या टेबलावरून त्या टेबलावर जायला पाच आठवडे लागले. ठोकळे टाकायला मात्र एक दुपार पुरली होती.

वाट उघडली त्या दिवशी रस्त्याकडेला मांडव घातला. मुलांना गुलाबाची फुलं मिळाली. तरुण पिढीने कसा आदर्श घालून दिला, यावर रंगनाथ साहेब वीस मिनिटं बोलले. कोणाचं काय चुकलं, याबद्दल अवाक्षर नाही. शिक्षकांनी पाठ थोपटली. निकिताला ते फूल फेकून द्यावंसं वाटत होतं.

कार्यक्रम संपता संपता साहेब पुढच्या रांगेत बसलेल्या शकूकडे वळले. "काय ताई, लेकीने नाव काढलं! आता आरामात कामावर जाल ना?"

शकू कुबडीवर भार देऊन उभी राहिली.

"वाट झाली, साहेब. पोरीने केली. पण माझ्या जागेवर त्यांनी गेल्या सोमवारी दुसरी बाई घेतली."

तेवढ्यात निवेदकाने माइक हातात घेतला आणि मुलांसाठी जोरदार टाळ्या वाजवायला सांगितलं. मांडवात टाळ्या कडाडल्या. निकिता व्यासपीठावरून खाली उतरली आणि आईला धरून घरी घेऊन गेली.