फळीवरचं आडनाव

बसा, आता घाई करून उपयोग नाही. तुमच्या डोळ्यांत थेंब घातलेत. बाहुल्या पुरत्या मोठ्या होईपर्यंत मला आतलं काही दिसणार नाही आणि तुम्हाला जवळचं वाचता येणार नाही. दिवा जरा कमी करते. बाहेर दुकानाची पाटी बघितलीत ना? तिच्यावर नुसतं आमचं आडनाव आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, बाई, तुमचं नाव कुठंय?

आमच्यात पहिलं नाव लिहीतच नाहीत. छत्रीवर, डब्यावर, घराच्या दारावर, सगळीकडे नुसतं आडनाव. हा वडिलांचा हट्ट. या शहरात हे आडनाव दुसऱ्या कुणाचं नाही. आजोबा इथे कामाच्या शोधात आले ते एकटे, असं ते स्वतःच सांगायचे. वडिलांना मात्र ते कधी पटलं नाही. ते म्हणायचे, आपलं कुणी शोधत आलंच तर त्याने दार चुकायला नको.

पाटी माझ्या मोठ्या भावाने रंगवलीय. पाट्या रंगवणं हाच दादाचा धंदा. आपण अक्षरं लिहितो आणि मग वरून रेघ ओढतो. दादा आधी रेघ ओढतो, हवी त्याहून बोटभर लांब, आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं एकेक अक्षर तिला लटकवतो. लहानपणी मी सगळीकडे नाक खुपसायची म्हणून तो मला दुर्बीण म्हणायचा. पुढे मी डोळे तपासायला लागले, तेव्हा हे आपल्यालाच आधी कळलं होतं असं चारचौघांत सांगत सुटला.

गेल्या वर्षी दादाच्या रक्तात बिघाड निघाला. डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्याचा बोनमॅरो घालावा लागेल आणि रक्ताच्या नात्यातला जुळला तर बरं. माझा जुळला नाही. दादाला मूलबाळ नाही. आणखी कोण आहे तुमच्यात, असं त्यांनी विचारलं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. त्याच दिवशी मी ठरवलं, आजोबा काही आभाळातून पडले नव्हते. मागे कुणीतरी असणारच.

आजोबांची पहिली नोकरी काचेच्या कारखान्यातली. कारखाना कधीच बंद पडलाय, पण जुनी दप्तरं एका खोलीत सांभाळून ठेवलीत. तिथल्या बाईंनी मला कपाटापाशी नेलं आणि त्याच थबकल्या. आमच्या आडनावाचं दप्तर जागेवर नव्हतं. त्या जागी एक लाकडी फळी उभी होती, शाळेच्या पाटीएवढी, काळी रंगवलेली. जुन्या दप्तरखान्यांची ही रीतच आहे. कागद बाहेर गेला की त्याच्या जागी फळी ठेवायची आणि नेणाऱ्याचं नाव खडूने लिहायचं. फळीवर नुसतं आमचं आडनाव होतं.

मला काय वाटलं असेल बघा! बाई म्हणाल्या, सकाळीच कुणीतरी नेलंय, आतल्या टेबलावर वाचत बसलेत. मी जवळजवळ धावतच गेले. टेबलावर दप्तर उघडं होतं, खुर्ची मागे सरकवलेली होती आणि माणूस नव्हता. फिनेलचा वास तेवढा येत होता.

उघड्या पानावर आमचं आडनाव दोनदा होतं. एक आजोबा. दुसरा त्यांचा मोठा भाऊ, त्याच दिवशी कामाला लागलेला. पुढे थोरल्याच्या नावासमोर शेरा होता, तापाच्या दवाखान्यात पाठवला. परत कामावर आल्याची जागा कोरी होती. मी एकटाच आलो म्हणणाऱ्या आजोबांचा मला पहिल्यांदा राग आला. पण त्याहून आनंद जास्त झाला. त्या थोरल्याचा वंश असणार, आणि त्यातलं कुणीतरी आम्हाला शोधत आमच्या पुढे दोन पावलं चालत होतं.

तापाचा जुना दवाखाना म्हणजे आजचं मोठं इस्पितळ. दादा वर तिसऱ्या मजल्यावर होता आणि जुने कागद खाली तळघरात. वहिनीला म्हटलं, आलेच, आणि जिना उतरले. तळघरात भिंतींना ओल आलेली, वर पाण्याचे पाइप गुरगुरत होते. दप्तरं सांभाळणारे काका कपाटांच्या बोळातून माझ्यापुढे चालले. आमच्या दप्तराच्या जागी फळी होती. फळीवर आमचं आडनाव.

मी विचारलं, हे कधी आले होते? काका म्हणाले, रोज येतात. आवाज बसलेला, कानाच्या पाळ्या तुमच्यासारख्या, गालाला चिकटलेल्या. आपलं रक्ताचं माणूस शोधतोय म्हणतात. कागद आज घेऊन बसलेत खरे, पण कुठे बसलेत ते दिसत नाही.

मला थांबायला सवड नव्हती. डॉक्टर घाई करत होत्या. मी खडू उचलला आणि आडनावाखाली लिहिलं, तिसरा मजला, खिडकीकडची खाट. खाली सही म्हणून, सवयीने, पुन्हा आडनाव. काकांनी माझा हात धरायला हात पुढे केला होता, पण तोवर लिहून झालं होतं.

"फळीवर असलं काही लिहीत नाहीत, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "फळी कागदाच्या जागी उभी असते. तिच्यावर जे लिहाल... ते त्या जागी ठेवल्यासारखं होतं."

"म्हणजे?"

"जागा मोकळी ठेवायची नसते, एवढंच मला शिकवलंय."

म्हातारा माणूस, दिवसभर तळघरात बसून असंच काही सुचणार, असं मनात म्हणत मी वर गेले.

दुसऱ्या दिवशी दादा खाटेवर उठून बसला होता. चेहऱ्यावर रंग आला होता. वहिनी रडत हसत होती. तपासण्या पुन्हा केल्या, सगळं ठाकठीक. डॉक्टर म्हणाल्या, क्वचित होतं असं, आणि कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिल्या. मी वहिनीला विचारलं, कुणी भेटायला आलं होतं का? कुणी नाही. तिचा जरा डोळा लागला होता आणि जाग आली ती फिनेलच्या वासाने, पण इस्पितळात तो वास कुठे नसतो?

दादाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"फार वेळ लावलात," तो म्हणाला. "आता घरी न्याल ना?"

त्याचा आवाज बसला होता. आजारपणात बसतो. आम्ही त्याला वाजतगाजत म्हणावं तसं घरी आणलं. आत येण्याआधी तो दाराशी थांबला आणि पाटीवरच्या आडनावावरून हळूहळू बोट फिरवत राहिला. शेवटी वहिनीने त्याला हाताला धरून आत नेलं.

आता तो चांगला आहे. खरं सांगते, पूर्वीपेक्षाही चांगला. वहिनीला कामात मदत करतो, तिच्याशी चढ्या आवाजात बोलत नाही. कुणी बाहेर निघालं की मात्र विचारतो, परत येणार ना? मला दुर्बीण म्हणत नाही. आणि एकदा मी त्याला पाटी रंगवताना बघितलं. आधी सगळी अक्षरं लिहिली आणि मग वरून रेघ ओढली, तुमच्या-माझ्यासारखी. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, मरणाच्या दारातून आलेलं माणूस बदलणारच. मग म्हणाली, तुझं नसतं कुतूहल आता पुरे कर. ती माझ्यावर पहिल्यांदाच चिडली.

कुतूहल पुरं होत असतं तर काय हवं होतं? मी तळघरात गेले. आमचं दप्तर जागेवर परत आलं होतं. मी ते तिथेच उभ्याने वाचलं. थोरल्याला धाकट्या भावाने आणून सोडलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, ताप उतरला, घरी न्यायला कोणी आले नाही. तेच पुढच्या पानावर. तेच त्याच्या पुढच्या. ताप उतरलेला माणूस दवाखान्यात वाट बघत राहिला आणि आमचे आजोबा त्याच शहरात एकटे म्हणून संसार करत राहिले. मला रडू आलं. त्या माणसासाठी आलं, आजोबांची लाज वाटली म्हणूनही आलं.

काका माझ्या मागे उभे होते. त्यांच्या हातात फळी होती.

"ही घेऊन जा, ताई. मी पुसून बघितली... पुन्हा येतं."

फळीवर खडूने एक ओळ होती. दुर्बिणे, मला न्यायला ये. वरची रेघ बोटभर लांब होती.

तेव्हापासून फळी माझ्याकडे आहे. घरी कशी नेणार? घरी तो थोरला आहे. दादाला आणायचं तर त्या जागी कुणाला तरी ठेवून यावं लागेल, एवढं मला कळलंय. मग ज्याला आयुष्यभर कुणी न्यायला गेलं नाही, त्याला मी हाताला धरून परत तळघरात सोडून येऊ? वहिनीच्या देखत? आणि नाही सोडलं, तर माझा दादा तिथे कान देऊन जिन्यावरची पावलं ऐकत बसला असेल. मला दोन्ही सहन होत नाही.

झाल्या असतील बाहुल्या मोठ्या. समोर बघा, अक्षरांच्या तक्त्याकडे. थेंबांनी जवळचं पुसट होतं, लांबचं नीट दिसतं. तक्त्याखाली फळी टेकून ठेवलीय, दिसली? वरची ओळ वाचू नका, ती मला पाठ आहे. सकाळी दुकान उघडलं तेव्हा तिच्याखाली नुसती एक आडवी रेघ ओढलेली होती, नवी, लांबच लांब. अक्षरं लटकवायची राहिली होती. दादा काय लिहितोय ते बघवत नाही, म्हणून तेव्हापासून मी तिकडे पाठ करून बसलेय.

तुम्ही बघा. सावकाश वाचा... आता तिच्याखाली काय आहे?