उजव्या चाकाची हवा

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकून कुणी हसलं तरी हरकत नाही. ज्यांच्या बाबतीत घडली, त्यांनाही आधी आपलंच डोकं फिरलंय असं वाटलं होतं.

रात्र नव्हती. वारा नव्हता. कुत्री रडत नव्हती.

रविवारची दुपार होती. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये जुनी गाडी आणि गाडीखाली दाजी.

दाजी हे काही त्यांचं नाव नाही. बायकोचा भाऊ दोन घरं सोडून राहतो. तो ‘दाजी, दाजी’ करत हाका मारतो, म्हणून अख्खी गल्ली त्यांना दाजीच म्हणते. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली. त्या धडधडीत कान अर्धे गेले. हात मात्र शाबूत राहिले.

गाडी बायकोची. तिच्या वडिलांनी घेतलेली, मग तिच्याकडे आलेली. चालवायची ती, दुरुस्त करायचे दाजी. दाजींनी कधी स्टिअरिंग धरलंच नाही. ती म्हणायची, "चालली की तुमच्या हाताचं कौतुक. बंद पडली की माझ्या बापाची गाडी."

मागच्या वर्षी ती गेली.

पोटाचं दुखणं होतं. फार दिवस लागले नाहीत.

तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. दाजी रोज सकाळी शेडमध्ये जायचे, काचा पुसायचे, परत यायचे. आत बसायचे नाहीत. सीटवर तिची उशी अजून तशीच होती. ती उंचीने कमी होती. सीट पार पुढे ओढून, खाली उशी घेऊन बसायची.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. लेक घाटापलीकडच्या गावात दिलेली.

"बाबा, आईची गाडी मला द्या. मी येऊन घेऊन जाते. छोटीला शाळेत सोडायला होईल."

"अगं, घाटाचा रस्ता आहे."

"आई त्याच रस्त्याने यायची की मला भेटायला."

दाजी हो म्हणाले. फोन ठेवला, शेडमध्ये गेले, दारातून वाकून हातानेच ब्रेकचं पेडल दाबून पाहिलं.

पेडल थेट तळाला गेलं.

पुढच्या दोन्ही चाकांतून तेल गळत होतं. चाकात एक छोटा सिलिंडर असतो. पायाचा जोर तेलातून तिथवर पोचतो आणि चाक धरलं जातं. ते दोन्ही सिलिंडर आतून गंजाने खाल्ले होते.

आणि याच गाडीतून लेक आणि नात घाट उतरणार होत्या.

दाजी पार्ट शोधायला बाहेर पडले. मेहुणा स्कूटर घेऊन सोबत. या गाडीची एक भानगड होती. कंपनीने मधेच ब्रेक बदलले होते. गाडी तीच, नाव तेच, पण आधीच्या गाड्यांचा सिलिंडर मोठा आणि नंतरच्यांचा किंचित लहान. नुसतं बघून कळत नाही.

"काका, हाच लागतो तुम्हाला," दुकानदार म्हणाला.

"हा नंतरचा आहे."

"अहो, बसतो की व्यवस्थित."

"बसायला माझा मेहुणाही बसतो ड्रायव्हरच्या सीटवर. म्हणून त्याला गाडी येते का?"

"दाजी, मला कशाला मधे घेता?" मेहुणा म्हणाला. "मी गपचूप उभा आहे."

बाजार पालथा घातला. कुणी हसलं, कुणी नवीन गाडी घ्या म्हणालं. शेवटी एका जुन्या मेकॅनिकचा पत्ता लागला. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. गॅरेज बंद करून तो सामान विकत होता. फळीवर मागच्या बाजूला तेलकट कागदात गुंडाळलेला एक जोड निघाला. दाजींनी माप लावलं. बरोबर.

"आतल्या रबरी वाट्या वाळल्यात बघा," उस्ताद म्हणाला. "तेल त्यांच्यामुळेच अडतं. त्या नव्या घाला. पण आधीच्याच गाडीच्या, हां."

दाजींनी बाजारातून नव्या वाट्या आणल्या. पाकिटावर आधीच्याच गाडीच्या म्हणून छापलं होतं. दुकानात उभं राहून त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

रविवारी सकाळी सगळं बसवून झालं. लेक सोमवारी येणार होती. राहिलं फक्त हवा काढायचं काम.

हे काम एकट्याने होत नाही. ब्रेक उघडला की नळीत हवा शिरते, आणि हवा राहिली तर ब्रेक लागत नाही. एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाशी बसून बारीक नट सैल करायचा. बुडबुड्यांसकट तेल बाहेर येतं. नट आवळायचा आणि मग सांगायचं, सोड. सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा पुन्हा आत.

इतकी वर्षं सीटवर ती बसायची. दाजींना कमी ऐकू येतं, म्हणून तोंडाने सांगायची नाही. पेडल दाबून धरलं की दाराच्या पत्र्यावर बोटांनी वाजवायची.

टक टक.

ते दाजींना पत्र्यातून हाताला कळायचं.

आता सीटवर मेहुणा होता. बसल्या बसल्या त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागले.

"ताईची सीट म्हणजे बालवाडीतली खुर्ची," म्हणत त्याने सीट पार मागे सरकवली. उशी उचलून मागच्या सीटवर ठेवली.

दाजींनी पाना उचलला.

"दाब."

"धरलंय हो दाजी!" मेहुणा असा ओरडायचा की शेजारची खिडकी उघडायची.

मागची दोन्ही चाकं झाली. मग दाजींनी पाहिलं, तेल पुरणार नव्हतं. मेहुणा स्कूटर काढून तेल आणायला गेला.

दाजी पुढच्या डाव्या चाकाशी येऊन बसले. पाना लावून ठेवला, चिंधी घेतली, नळीचं टोक डब्यात सोडलं. हात काम करत होते, मन दुसरीकडे होतं. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं...

"दाब."

...

टक टक.

दाजींनी नट सैल केला. तेल आलं, बुडबुडे आले. नट आवळला.

"सोड."

पेडल वर आल्याचा कुरकुर आवाज झाला.

"दाब."

टक टक.

असं बराच वेळ चाललं. बुडबुडे संपले, नुसतं स्वच्छ तेल येऊ लागलं. काम छान होत होतं. इतकं छान की दाजींना बरं वाटत होतं. फार दिवसांनी.

ते उठून उजव्या चाकाशी गेले. ड्रायव्हरच्या दाराखालीच बसले.

"दाब."

टक टक.

नट सैल केला, तेल आलं, नट आवळला. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

मेहुणा ओरडतो. तो कधीच वाजवत नाही.

"आलास का रे?" त्यांनी विचारलं.

उत्तर नाही.

मान वर करून बघायची त्यांची छाती होईना. दार त्यांच्या डोक्याशी होतं. उठून उभं राहिलं असतं तरी दिसलं असतं.

ते उठले नाहीत.

"सोड," ते हळूच म्हणाले.

काहीच हललं नाही. चाक ज्यावर बसतं तो लोखंडी ड्रम त्यांनी हाताने फिरवून पाहिला. घट्ट. दाबून धरलेला.

"सोड गं."

ड्रम तसाच.

दोन्ही हातांनी जोर लावला. कपाळावर घाम आला. आतून कुणीतरी सगळा जोर लावून पेडल धरून ठेवलं होतं... आणि सोडत नव्हतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. स्कूटर आत आली.

दाजींच्या हातातला ड्रम एकदम सैल झाला आणि गरकन फिरला.

"मिळालं हो तेल," मेहुणा म्हणाला. दार उघडून बसायला गेला आणि थांबला. "दाजी, सीट कशाला पुढे घेतलीत?"

दाजी चिंधीने हात पुसत राहिले.

"आणि उशी? बसून बघत होतात का?"

"बस तू," दाजी म्हणाले. "उजवं राहिलंय."

उजवं चाक त्यांनी मेहुण्याला घेऊन पूर्ण केलं. ब्रेक कडक लागत होता. मेहुण्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझी ताई येऊन गेली, म्हणून?

सोमवारी लेक आली. शेडपासून फाटकापर्यंत गाडी मागे-पुढे करून पाहिली. ब्रेक ठीक होता. आईची उशी बघून डोळे पुसले, छोटीला मागे बसवलं.

"उद्या गेलीस तर?" दाजी म्हणाले.

"उद्या हिची शाळा आहे. तुम्हीच केलंत ना ब्रेकचं काम? मग कशाला काळजी?"

गाडी कोपऱ्यावरून वळली. दाजी फोन हातात घेऊन पायरीवर बसले. मेहुण्याने चहा आणून दिला, तो तिथेच निवला.

संध्याकाळी फोन वाजला.

"पोचलो बाबा. छोटी झोपली."

दाजी पायरीवरून उठले. "ब्रेक कसा होता?"

"एकदम मस्त. फक्त..."

"फक्त काय?"

"मी दाबायच्या आधीच लागत होता."

दाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे बघा, घाट उतरताना एका वळणाआधी मी पाय नुसता उचलला होता. ठेवलाही नव्हता. तर गाडी आपोआप थांबली. वळणापलीकडे रस्त्यात दरड पडलेली. सगळ्या घाटात असंच. आणि पेडल कसं... आधीच खाली गेलेलं असायचं. जुन्या गाड्यांचं असं असतं का हो?"

"गाडीला हात लावू नकोस," दाजी म्हणाले. "मी येतोय."

सकाळच्या पहिल्या बसने ते आणि मेहुणा निघाले. लेकीच्या गावातल्या मेकॅनिकने उजवं चाक काढलं आणि मागे सरकला. चाक आतून तेलाने माखलं होतं. रबरी वाटी आतल्या आत उलटली होती. पाकिटावर आधीच्या गाडीची म्हणून छापलेलं असलं, तरी आत नंतरच्या गाडीची निघाली. नखाएवढाच फरक. गाडी उभी असताना तिने तेल अडवलं, घाटाच्या जोराला दगा दिला.

मेकॅनिकने बॉनेट वर करून ब्रेकच्या तेलाचा डबा उघडला, आत बोट फिरवलं. कोरडा.

"ताई, ही गाडी घाटातून तुम्ही आणलीत?"

"हो."

"अहो, हिला चारही चाकांना ब्रेकच नाहीये. थेंब नाही तेलाचा."

लेक हसायला लागली. तिला तो चेष्टा करतोय असं वाटलं. मग तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसणं थांबलं.

उजवं चाक...

दाजी तिथेच ओट्यावर बसले. ती सोडत का नव्हती, ते त्यांना तेव्हा कळलं.

बरोबर मापाच्या वाट्या उस्तादने पाठवल्या. दाजींनी मापून घेतल्या, बसवल्या, लेकीला सीटवर बसवून हवा काढली. कुणी पत्र्यावर वाजवलं नाही. त्यांनी वाट पाहिली, पण वाजवलं नाही. तिचं काम संपलं असं त्यांनी धरलं आणि घरी परत आले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात लेक फोनवर सहज बोलून गेली. ब्रेक आता ठणठणीत आहेत. पण शाळेच्या रस्त्यावर एक जागा आहे, तिथे गाडी रोज थांबते. पाय न लावता. क्षणभर थांबते आणि सुटते.

"काय आहे तिथे?" दाजींनी विचारलं.

"काहीच नाही. सरळ रस्ता. बाजूला कुंपण आहे, बस्स."

दाजी स्वतः जाऊन ती जागा बघून आले. अख्खी दुपार उभे राहिले. वळण नाही, खड्डा नाही, उतार नाही. सायकली गेल्या, पोरं गेली, एक दूधवाला गेला. काहीच झालं नाही.

"घाटात ती उगाच थांबली नव्हती. त्या रस्त्याने जाऊ नकोस," ते लेकीला म्हणाले.

"शाळेला दुसरा रस्ताच नाही बाबा."

"मग गाडी ठेव घरी. चालत जा."

"बाबा, त्या दिवशी घाटात जिने वाचवलं, तिलाच घरी ठेवू?"

आता शाळा सुटायच्या वेळेला दाजी रोज फोन करतात. लेक चिडते, पण उचलते. पोचलो म्हणते. गाडी आजही थांबली का, असं ते विचारतात. ती हो म्हणते.

काल मात्र त्यांनी विचारायच्या आधी तिनेच सांगितलं.

"बाबा, हल्ली ती तिथे रोज थोडा जास्त वेळ थांबते."