चष्म्याच्या काचेतला पिवळा

शुक्रवार, ११ फेब्रुवारी २००५. सकाळी साडेदहा वाजता वेल्हे पोलीस ठाण्यात नारायण पोतनीस बेपत्ता असल्याची तक्रार बंद करायचं ठरलं.

कारण टेबलावर पडलं होतं. पोस्टकार्डाएवढा रंगीत फोटो. घाटाच्या पायऱ्या, मागे गंगा, पुढे नारायणराव. पांढरा शर्ट, मान किंचित वळलेली, डोळ्यांवर मोठ्या काचांचा चष्मा. पाकिटावर हरिद्वारच्या पोस्टाचा शिक्का.

"माणूस सापडला, ताई. आता तुमी सही करा," हवालदार मानसिंग म्हणाले.

मितालीने पेन उचललं नाही. ती नारायणरावांची एकुलती मुलगी. पुण्यात एका छापखान्यात संगणकावर जाहिरातींची मांडणी करायची. शेजारच्या खुर्चीत तिचा चुलतभाऊ प्रद्युम्न बसला होता. ती त्याच्याकडे वळली.

"दादा, बाबा पानशेतला तुझ्याकडे कधी आले?"

"वीस जानेवारीला, गुरुवारी. किती वेळा सांगू?"

"गेले कधी?"

"त्याच संध्याकाळी. मी स्वतः एसटीत बसवलं. म्हणाले, हरिद्वारला निघालोय, घरी बोलू नकोस, तुझी काकू रडून अडवेल."

"जमिनीचं काही बोलले?"

"काय बोलणार? मुखत्यारपत्र माझ्याच नावावर आहे. सांभाळ म्हणाले."

"भांडण झालं?"

"मितू, अगं मी हॉटेल काढलं ते काकांच्या जिवावर. शनिवारी बोर्ड लागला, रविवारी उद्घाटन. दोन दिवस थांबले असते तर निदान बोर्ड तरी बघितला असता त्यांनी."

पानशेतच्या पाण्याकाठची जमीन प्रद्युम्न परस्पर विकणार, अशी कुणकुण वडिलांना लागली होती. 'मुखत्यारपत्र रद्द करतो, पण आधी त्याच्या तोंडावर सांगतो,' असं म्हणून ते भोरहून निघाले होते. हे तिने पहिल्याच दिवशी पोलिसांना सांगितलं होतं. पुरावा मात्र काहीच नव्हता.

"सही सोमवारी करते," ती म्हणाली.

"सोमवारी कशाला? आत्ता कर की!" प्रद्युम्न चटकन बोलला.

मानसिंगांनी मान वर केली. पुन्हा खाली घातली.

"फोटो मी घेऊन जाते. आईला दाखवायचाय."

त्यावर कुणालाच नाही म्हणता आलं नाही.

भोरच्या घरी आईने, शैलजाबाईंनी, फोटो देवापुढे ठेवला. मग कितीतरी दिवसांनी स्वतःहून ताट वाढून घेतलं. आमटी-भात जेवल्या. "बघ, शर्ट मळवला नाही अजून," म्हणाल्या आणि हसल्या.

आई आडवी झाल्यावर मितालीने फोटो खिडकीशी नेला. बॅगेतलं छपाई तपासायचं भिंग काढलं. फोटो खरा असेल तर बाबा जिवंत आहेत. तो नीट बघितलाच नाही, तर निदान आई जेवत राहील.

तिने भिंग लावलं.

शर्टाची कड ब्लेडने कापल्यासारखी होती. एवढ्यावरून काही ठरत नाही. स्वस्त कॅमेऱ्यातही कडा अशा येतात. मग ती चष्म्यावर आली. मान वळलेली, म्हणून पलीकडची काच गालाच्या बाहेर आली होती. त्या टोकातून मागची गंगा दिसायला हवी होती.

दिसत होता पिवळा रंग. हळदीसारखा भडक, आणि त्यात काळी रेघ.

हे तिच्या रोजच्या कामातलं होतं. माणसाभोवती माऊसने रेघ ओढायची, त्याला जुन्या चित्रातून उचलायचं आणि नव्यावर ठेवायचं. काच आरपार असते हे डोळ्याला कळतं, संगणकाला नाही. रेघेच्या आत जे येईल ते तो सगळं उचलतो, काचेतून दिसणारंसुद्धा. काचेपुरतं जुनं पुसून तो भाग वेगळा पारदर्शक करावा लागतो. इथे कुणीतरी ते केलं नव्हतं.

आता तिने घाट बघितला. तिसऱ्या पायरीवर लाल लुगड्यातली एक बाई वाकून तांब्या बुडवत होती. ही बाई मितालीने आधी कुठेतरी बघितली होती. हरिद्वारला नाही. ती कधी तिकडे गेलीच नव्हती.

संध्याकाळी ती दोन घरं सोडून राहणाऱ्या फुलाबाईंकडे गेली. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा, गेनूंचा फोटो होता. हार, कोट, टाय. मागे गंगा. तिसऱ्या पायरीवर वाकलेली बाई.

"मावशी, गेनूकाका हरिद्वारला कधी गेले होते?"

"कुठलं हरिद्वार! भोर सोडून सासवड बगितलं न्हाई त्या माणसानं. कोटबी त्यांचा न्हाई. मेल्यावर म्या गंगा घडीवली." फुलाबाई पदरात हसल्या. "शाकिरनं करून दिला. एसटी स्टँडपाशी न्हाई का त्याचा स्टुडिओ? समद्यांना त्योच घाट देतो."

शनिवारी सकाळी शाकिरने फोटो हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला.

"माझा न्हाई, ताई."

"घाट तुमचा आहे. गेनूकाकांच्या मागेही हाच आहे."

"घाट कुणाकडंबी असंल."

"असेल. मग तुमच्या संगणकात शोधायला काय हरकत आहे? नाहीतर मानसिंग हवालदार येऊन शोधतील."

शाकिरने दारापर्यंत जाऊन बाहेर बघितलं. परत येऊन संगणक सुरू केला.

"प्रद्युम्नशेठनी करून घेतला. म्हणाले, काका यात्रेला गेलेत, घरच्यांना गंमत दाखवायची. आमी रोजच कुणाला ना कुणाला कुठं ना कुठं नेतो, ताई. म्या कशाला इचारू?"

"मूळ फोटो?"

"शेठनी सोताच्या कॅमेऱ्यात काढून आणलेला. संगणकातनं पुसायला लावला. माझ्या खांद्यावरनं बघत हुभे होते. कॅमेऱ्याचं कार्डबी घेऊन गेले."

"फाईल उघडा."

पडद्यावर नारायणराव आले. बाजूला थरांची यादी होती, जणू एकावर एक ठेवलेल्या काचा. सगळ्यात वर वडील, त्यांच्या खाली घाट. मितालीने घाटाचा थर बंद केला. वडिलांच्या मागे नुसत्या करड्या-पांढऱ्या चौकटी उरल्या. म्हणजे तिथे काही नाही, आरपार.

"ह्या चौकटी दिसल्या आन् शेठ म्हणाले, झालं, गेला," शाकिर म्हणाला.

"पण खाली आणखी एक थर आहे. त्याच्यापुढचा डोळा मिटलेला आहे, म्हणजे तो लपवून ठेवलाय."

शाकिरने मान खाजवली. "त्यो आमी ठेवतोच. कोट घातला की लोकं परत येत्यात, म्हणत्यात आमचा साधा शर्टच बरा हुता. म्हणून नक्कल करायची आन् नकलेवर कापायचं. पुसलं ते नकलेतलं. खालचं तसंच हाय."

तिने त्या थरावर टिचकी मारली.

घाट नव्हता, गंगा नव्हती. नारायणराव एका पिवळ्याधमक बोर्डापुढे उभे होते. काळी किनार, काळी अक्षरं: शुभारंभ, रविवार, २३ जानेवारी.

शाकिर बोर्ड वाचत होता. मिताली वडिलांचा चेहरा बघत होती. ते हसत नव्हते.

दुपारी पानशेतच्या हॉटेलात ती आणि मानसिंग प्रद्युम्नसमोर बसले. डोक्यावर तोच बोर्ड होता. पुण्याची गिऱ्हाइकं पिठलं-भाकरी खात होती.

"काकांनी हा बोर्ड बघितला नाही, असं तू काल पोलीस ठाण्यात म्हणालास," मिताली म्हणाली.

"मग?"

तिने शाकिरकडून आणलेली मूळ फोटोची प्रत पुढे सरकवली. प्रद्युम्नने ती उलटी करून ठेवली.

"बोर्ड शनिवारी लागला. बाबा शनिवारी इथे होते. गुरुवारी तू त्यांना एसटीत बसवलंच नाहीस. त्यांना बोलण्यात गुंतवलंस, ठेवून घेतलंस. ते ऐकत नाहीत म्हटल्यावर तुझ्यापुढे एकच अडचण उरली. ते घरी आले तर मुखत्यारपत्र रद्द करणार. मेले असं निघालं तरी मुखत्यारपत्र संपणार. म्हणजे बाबा जिवंत हवेत, पण लांब. म्हणून हरिद्वार."

"आणि पाकिटावरचा शिक्का? तो काय मी मारला?"

"यात्रा कंपनीची बस तुझ्याच दारात थांबते. ड्रायव्हरने पाकीट तिकडे पेटीत टाकलं. आम्ही त्याला विचारून आलोय."

मानसिंगांनी खुर्ची पुढे ओढली. "आन् सोमवारी जमिनीचं खरेदीखत हाय, शेठ. दस्त लिहिणाऱ्यानं सांगितलं. तवर तक्रार बंद झालेली बरी, व्हय ना? आता येवढंच बोला. काका कुठं हायेत?"

प्रद्युम्नने उलटी ठेवलेली प्रत सुलटी केली.

"मी मारलं नाही त्यांना," तो म्हणाला. "मागच्या कोठीत ठेवलं होतं. सोमवारी सोडणार होतो."

"कुठल्या सोमवारी?"



कोठीच्या दाराला बाहेरून कडी होती. आत खाट, पाण्याची कळशी. मागच्या झरोक्याची जाळी निघालेली. उद्घाटनाच्या दिवशी पहाटे दार उघडलं तर काका नव्हते, असं प्रद्युम्न सांगत होता. आपण शोधलं नाही, हेही त्याने कबूल केलं. मानसिंगांनी त्याला जीपमध्ये बसवलं.

"पटतंय तुमाला?" त्यांनी हळूच विचारलं. "भाईर पडले असते तर येवढ्या दिवसांत घरी न्हाई आले?"



रात्री तिने आईला सगळं सांगितलं. शैलजाबाई देवापुढचा फोटो घेऊन बसल्या होत्या.

"म्हणजे हा फोटो खोटा?"

"बाबा खरे आहेत. त्यांच्या मागचं सगळं खोटं आहे."

आईने ताट बाजूला सारलं नाही. जेवलीही नाही.

सोमवारी खरेदीखत झालं नाही. त्याच दिवशी मार्गासनी गावच्या कोंडिबा नावाच्या दूधवाल्याने जबाब दिला. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी पाबे घाटाकडून एक म्हातारा पायी उतरला होता. अंगावर मळका पांढरा शर्ट होता. भोरची गाडी कधी, असं त्याने विचारलं. मग एका टेम्पोला हात केला आणि पुढे ड्रायव्हरजवळ बसला. टेम्पो नसरापूरच्या दिशेने, म्हणजे भोरच्याच वाटेला गेला.

टेम्पोचा नंबर कोंडिबाने बघितला नव्हता. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत तो टेम्पो सापडलेला नव्हता.